जिप्सीतला वाघ आणि बांधावरचं काळवीट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

'सफारी' हा शब्द आमच्या परभणीकडे आला तो कापडाच्या दुकानातून. लग्नात व्याह्याला आणि मामाला सफारीचं कापड द्यायची पद्धत होती. पुढाऱ्यांचे अंगरक्षक सफारी घालायचे, नव्यानं निवडून आलेले सरपंच सफारी शिवून घ्यायचे. ते कपडे आता पेटीत गेले आणि शब्द दुसऱ्याच अर्थानं परत आला. शेजारचे गुरुजी सुट्टीत मुलाबाळांना घेऊन सफारीला जातात, म्हणजे ताडोबाला जातात. ज्यांच्या लेकी-जावई परदेशात आहेत, ते केनियातल्या सिंहांचे फोटो दाखवतात.

शब्दाचा प्रवास मात्र पाहण्यासारखा आहे. मूळ अरबी शब्द 'सफर'. अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला आणि तिथल्या स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला. अर्थ तोच, प्रवास. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तो तिथून उचलला आणि शिकारीच्या मोहिमेला लावला. आपल्याकडे 'सफर' फारसी-उर्दूच्या वाटेनं आधीच घरात आलेला होता. म्हणजे एकाच आईची दोन लेकरं, एक हैदराबादच्या वाटेनं आलं, दुसरं नैरोबी आणि लंडन फिरून. मराठीत दोघं शेजारी राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

आफ्रिकेत गाडीत बसून जनावरं पाहायला निघणं, याला 'गेम ड्राइव्ह' म्हणतात. यातला 'गेम' म्हणजे खेळ नव्हे. शिकारीच्या जनावराला इंग्रजीत तो शब्द आहे. तिथल्या ज्या पाच जनावरांचं पर्यटकांना वेड असतं, सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस, ती यादीसुद्धा शिकाऱ्यांनीच केली. पायी जाऊन मारायला सर्वांत अवघड कोण, एवढाच तिचा निकष होता. केनियानं १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. आपल्याकडे वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. बंदूक खाली ठेवली गेली, तिच्या जागी कॅमेरा आला. पण पहाटे निघायचं, माग काढायचा, जनावर 'मिळालं' की नाही ते संध्याकाळी सांगायचं, ही सगळी रीत जुनीच राहिली. 'आज आम्हाला दोन वाघ मिळाले' असं सांगणारी माणसं तुम्हीही ऐकली असतील.

आफ्रिकेतली सफारी आणि आपली सफारी यांत एक मोठा फरक आहे आणि तो लक्षात न घेतल्यामुळे बरीच माणसं ताडोबाहून नाराज होऊन परततात. टांझानियातलं सेरेंगेटी किंवा केनियातलं मसाई मारा म्हणजे गवताचा अफाट माळ. झाडं तुरळक. तिथं नू नावाच्या कुरंगांचे दहा लाखांहून मोठे कळप पावसामागं गोल फिरत असतात आणि सिंह कळपानं, उघड्यावर राहतो. तिथं जनावर दिसतंच. आपला वाघ एकटा राहतो, झाडीत राहतो आणि दिसू नये अशी सगळी सोय निसर्गानं त्याला करून दिली आहे. त्याचा केशरी रंग आपल्याला भडक वाटतो, पण खुरवाल्या जनावरांना लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. चितळाच्या डोळ्यांना तो केशरी रंग झाडीत मिसळलेलाच दिसतो. आफ्रिकेत माणूस डोळ्यांनी सफारी करतो. ताडोबात ती कानांनी करावी लागते.

ताडोबाची थोडी माहिती सांगतो. तलावाकाठी तारू नावाच्या देवाचं स्थान आहे. वाघाशी झुंजताना मरण आलेला हा गावप्रमुख गोंड आदिवासींचा देव झाला आणि पौषात तिथं जत्रा भरते, अशी परंपरा आहे. म्हणजे या जंगलाचं नावच वाघाच्या हातून मेलेल्या माणसाचं आहे. १९५५ साली ११६ चौरस किलोमीटरचं ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ साली अंधारी अभयारण्य आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. आज गाभा क्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याभोवती अकराशे चौरस किलोमीटरचं बफर. बफरमध्ये गावं आहेत, शेती आहे, गुरं आहेत. दर मंगळवारी सफारी बंद असते. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्र बंद असतं.

उघड्या जिप्सीत सहा पर्यटक, एक चालक आणि एक मार्गदर्शक. मार्गदर्शक बहुतेक आसपासच्या खेड्यांतली मुलं आणि आता बऱ्याच मुलीही आहेत. खरं पाहायचं असेल तर वाघाच्या आधी यांच्याकडे पाहावं. गाडी थांबवायला सांगतात, इंजिन बंद करायला लावतात आणि मान तिरकी करून ऐकत राहतात. त्यांच्या भाषेत 'कॉल' म्हणजे इशारा. वानर उंच झाडावर बसतं, त्याला वाघ वरून दिसतो, म्हणून ते खोकल्यासारखं ओरडलं की बातमी पक्की. चितळ थोडं घाबरट, वाऱ्यानं पान हललं तरी ओरडेल, त्याच्यावर एकट्यावर विसंबायचं नाही. सांबर मात्र उगाच बोलत नाही. सांबराचा तो मोठा, घंटेसारखा आवाज एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा आला, तर वाघ चालतो आहे असं समजावं. आवाज पुढं सरकत गेले, तर वाघ कोणत्या बाजूला निघाला तेही कळतं. मग मार्गदर्शक खाली वाकून रस्त्याच्या धुळीतले ठसे पाहतो. ठशावर दुसऱ्या गाडीच्या चाकाची नक्षी उमटली असेल तर वाघ त्या गाडीच्या आधी गेला. चाकाच्या नक्षीवर ठसा असेल तर गाडीनंतर. हे सगळं वाचन आहे. अक्षरं वेगळी, एवढंच.

आता एक प्रश्न बहुतेकांना पडतो. वाघ दहा फुटांवरून जातो, जिप्सीकडे बघतसुद्धा नाही. असं का? तो माणसाळला म्हणायचा का?

प्रत्येक रानटी जनावराच्या मनात एक अंतर ठरलेलं असतं. धोका त्या अंतराच्या आत आला की पळायचं, बाहेर असेल तर चरत राहायचं. स्वित्झर्लंडमध्ये हेडिगर नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी या पळण्याच्या अंतराचा चांगला अभ्यास केला. हे अंतर कायमचं नसतं. जी वस्तू वर्षानुवर्षं दिसते आणि कधीच इजा करत नाही, तिच्याबाबतीत ते कमी होत जातं. जिप्सी ही वाघाच्या दृष्टीनं घरघर करणारी, डिझेल-पेट्रोलचा वास येणारी, न चावणारी एक वस्तू आहे. तिच्यात सहा माणसं बसली आहेत असा हिशेब तो बहुधा करत नाही. पण त्यातला एक जण उठून उभा राहिला, खाली उतरला, तर त्या ओळखीच्या आकाराचा तुकडा पडतो आणि त्यातून दोन पायांचं जनावर निघतं. गाडीत उभं राहू नका, उतरू नका, हा नियम त्यासाठी आहे.

पायी माणसाचं वाघाशी नातं वेगळं आहे हे विसरून चालत नाही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबातच वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेच्या पाहणीसाठी पायी जंगलात गेल्या असताना वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या. जंगल तेच, जिल्हा तोच. कोणी गाडीत बसून पैसे मोजतो आणि वाघ पाहतो. कोणी पोटासाठी पायी जातो. सफारीचा फोटो पाहताना मला या बायका आठवतात. मी त्यांना टाळू शकत नाही.

गाडी निरुपद्रवी आहे हेही गाडीवाल्यांनी पाळलं तरच खरं. ३१ डिसेंबर २०२४ ला, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर आली आणि जिप्सींनी दोन्ही बाजूंनी तिची वाट अडवून धरली. त्याचं चित्रीकरण पसरलं, चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. दोन्ही बाजूंनी वाट अडवणं याला आपल्या जुन्या शिकारीच्या भाषेत शब्द आहे, हाका. बंदूक नसली तरी हाका तो हाकाच.

आता आमच्या गावाकडे येतो. परभणीहून गंगाखेडच्या वाटेवर पोखर्णी आहे. परळीच्या रेल्वेमार्गावर स्टेशनच्या पाटीवर 'पोखर्णी नृसिंह' असं लिहिलेलं आहे. आमच्या गावच्या दैवताचं मुख सिंहाचं. नृसिंह जयंतीला, वैशाखात, लांबलांबून माणसं येतात. सिंह म्हणून जो काही आमच्या भागानं पाहिला तो या मंदिरातच. खरा सिंह आता देशात फक्त गुजरातेत, गीरच्या आसपास उरला आहे. २०२५ च्या गणनेत ८९१ मोजले गेले. आमच्या जिल्ह्यात जंगल जवळपास नाहीच. काळी जमीन, गायरानाचे तुकडे, नाल्याकाठच्या बाभळी. 'तुमच्याकडे पाहण्यासारखं काय आहे?' असं ताडोबाला एकानं मला विचारलं होतं.

मी म्हणतो, आफ्रिकेशी खरं साम्य आमचंच आहे. ताडोबाशी तिचं फारसं जमत नाही. उघडा माळ, लांबवर नजर, आणि त्यावर कळपानं राहणारे कुरंग, हा आफ्रिकेच्या सफारीचा गाभा. आमच्या बांधावर बसलं की काळवीट दिसतं. काळवीट हेही कुरंगच. चितळ-सांबरांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, कुरंगांची एकदा आली की जन्मभर राहतात. नराची पिळदार शिंगं, पाठ काळीभोर, पोट पांढरं आणि डोळ्याभोवती पांढरं कडं. मादी बदामी रंगाची, तिला बहुधा शिंगं नसतात. नराचं पिल्लूही आधी बदामीच असतं, वय वाढेल तसा तो काळा होत जातो. म्हणजे कळपात जो सर्वांत काळा, तो मालक, असं ढोबळ गणित.

या मालकाचं वागणं तासभर पाहावं. तो आपली जागा धरून बसतो. तिच्या हद्दीवर एकाच ठिकाणी रोज लेंड्या टाकून ढीग करतो, डोळ्याखालच्या ग्रंथीचा वास काडीला, झुडपाला पुसतो. आमच्याकडच्या बांधाच्या भांडणांत आणि यात मला फार फरक दिसत नाही, फक्त तो तहसीलमध्ये जात नाही. माद्या मात्र त्याच्या हद्दीला फारशी किंमत देत नाहीत. चारा असेल तिकडे जातात आणि तो मान वर करून, कान पाडून, त्यांच्यापुढं मिरवत राहतो. तरुण नरांची वेगळी टोळी असते. धोका जाणवला की कळपातलं एखादं हरीण जागच्या जागी उंच उडी मारतं, मग दुसरं, मग सगळा कळप उड्या घेत निघतो आणि नंतर उड्या थांबवून सरळ धावायला लागतो.

ते धावणं ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत जातं. इतकं कशाला? लांडगा एवढा वेगवान नाही. कुत्रा तर नाहीच. हा वेग चित्त्यासाठी आहे. चित्ता आपल्या माळांवर होता. राजे-बादशहा चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरायचे. अकबराच्या चित्तेखान्याची वर्णनं प्रसिद्ध आहेत. आपल्या कोल्हापूर संस्थानातही चित्तेवान होते, आणि देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूरसाठी आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. १९४७ च्या सुमारास कोरियाच्या राजानं तीन चित्ते मारले, ते आपल्याकडचे शेवटचे मानले जातात. १९५२ साली सरकारनं चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्या शिवारातलं काळवीट मात्र अजून त्या जुन्या चित्त्यापुढंच धावतं आहे. मागं कोणी नाही. तरी पाय विसरलेले नाहीत.

कवितेच्या माणसाला इथं मोह होतो. अरबी-फारसीत 'गजाल' म्हणजे हरीण, त्यावरूनच इंग्रजीतलं 'गॅझेल', आणि 'गझल'ही त्याच अक्षरांची. जखमी हरणाच्या आर्त हाकेवरून गझल झाली, असं मुशायऱ्यांत सांगतात. अभ्यासक ते मानत नाहीत. गझल म्हणजे प्रेमाचं बोलणं, तो धागा वेगळा, असं त्यांचं म्हणणं. मला अभ्यासकांचं पटतं. कारण हरणाच्या डोळ्यांवर शेर लिहिणाऱ्यांनी हरणं चरलेलं सोयाबीन पाहिलेलं नसतं.

ते आता सांगायलाच हवं. आमच्याकडे पेरणी मृग नक्षत्रात धरतात. मृग म्हणजेही हरीण. मृगात पेरायचं आणि मृगानंच खायचं, असं म्हणून आमच्या पारावर माणसं हसतात. ते हसणं कोरडं असतं. पूर्वी खरिपात ज्वारी मोठी असायची. ज्वारीच्या लहान रोपाचा वाढीचा कोंब काही दिवस जमिनीखाली राहतो. हरणानं वरची पानं खाल्ली तरी ते पुन्हा फुटतं. हरभऱ्याची डाळिंबं जमिनीतच राहतात, म्हणून त्यालाही खालून फुटवा येतो. शेतकरी स्वतःसुद्धा हरभऱ्याचे शेंडे खुडतात, फांद्या वाढाव्यात म्हणून. सोयाबीनचं तसं नाही. ते उगवताना आपल्या दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन जमिनीबाहेर येतं. त्या डाळिंब्यांच्या खालून तोंड लागलं की मागं फुटायला डोळाच उरत नाही, रोप संपलं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली. हरीण तेच, तोंड तेच, पण नुकसान कितीतरी वाढलं. हरणं फार झाली म्हणून हे झालं, असं सर्रास बोललं जातं. वाढलीही असतील. पण पीक बदललं हे त्या हिशेबात कोणी धरत नाही, आणि गायरानं नांगरली गेली हेही धरत नाही. वीस हरणांचा कळप तीन रात्री आला तर दुबार पेरणी. बियाणं पुन्हा, खत पुन्हा, बैलाचं किंवा ट्रॅक्टरचं भाडं पुन्हा, आणि ओल मात्र पुन्हा नाही.

काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद. ते योग्यच आहे. शासन पीकनुकसानीची भरपाई देतं. अर्ज लगेच करावा लागतो, मग पंचनामा. पण उगवत्या पिकाचा पंचनामा करायचा कसा? रोप मुळाशीच गेलं, खुरांचे ठसे एका पावसात पुसले, आणि पाहणाऱ्याला दिसते ती नुसती मोकळी जमीन. उगवलंच नव्हतं, असंही म्हणता येतं. रानडुकरानं उपटलेलं शेत ओरडून सांगतं, हरणानं चरलेलं शेत गप्प असतं.

म्हणून माणसं जागलीवर जातात. मचाण, बॅटरी, पत्र्याचा डबा. बांधावर बायकांच्या जुन्या साड्या बांधतात. लांबून पाहिलं तर सगळं शिवार वाळत घातल्यासारखं दिसतं. लाल साडीला हरीण जास्त भितं असा समज आहे. पण मघाशी सांगितलं, त्याला लाल धड ओळखूच येत नाही. ते बुजतं फडफडण्याला. वारा पडला की साडी नुसतं कापड, आणि चार-आठ दिवसांत फडफडीचीही सवय होते. तेच ते पळण्याचं अंतर, जे ताडोबात वाघ कमी करतो. तिथं त्याला सरावणं म्हणतात आणि त्यावर पर्यटन चालतं. इथं त्याच सरावण्यानं कुंपण निकामी होतं. आता सौर झटका मशीन आलं आहे. ते क्षणभर झटका देतं, जीव घेत नाही. काही जण मात्र खांबावरची वीज सरळ तारेत सोडतात. तो गुन्हा आहे, त्यात हरणं मरतात, आणि शेजारच्या शेतातली माणसंही मेली आहेत.

बैलगाडीचं एक सांगायचं राहिलं. काळवीट औत हाकणाऱ्याला भीत नाही, बैलगाडीला भीत नाही. पायी येणाऱ्या परक्या माणसाला ते अर्ध्या शिवारावरून ओळखतं. जुन्या शिकाऱ्यांना हे ठाऊक होतं. ते बैलगाडीत पडून किंवा गाडीच्या आडून कळपाजवळ जायचे. फासेपारध्यांकडे तर शिकवलेला बैल असायचा, त्याच्या आडोशानं सरकत जाऊन ते फास लावायचे. त्या लोकांना हरणाचं जितकं ज्ञान होतं तितकं क्वचितच कुणाला असेल, आणि इंग्रज सरकारनं १८७१ च्या कायद्याच्या आधारे पुढं त्यांच्यासारख्या कितीतरी जमातींवर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला. तर जिप्सी म्हणजे काय? शिकाऱ्याची बैलगाडीच, फक्त पेट्रोलवर चालणारी.

ज्यांना काळवीट पाहायचं आहे, त्यांच्यासाठी राखीव जागाही आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरी अभयारण्य आहे, १९८० चं, अवघं सव्वादोन चौरस किलोमीटरचं. पण आमच्या भागात यायचं तर हिवाळ्यात या, हरभरा हातभर झाला की. उजाडताना किंवा दिवस मावळताना. सूर्य पाठीमागं घ्या, वारा तोंडावर घ्या. कपड्यांच्या रंगापेक्षा हालचालीला जपा. ताडोबात जे काम वानर करतं ते आमच्याकडे टिटवी करते. टिटवी ओरडत घिरट्या घालायला लागली की माळावरच्या प्रत्येक जिवाला बातमी गेली. मग खाली बसायचं आणि ती थांबेपर्यंत हलायचं नाही. रोही दिसतील, त्यांच्या पायांजवळ बगळे. एखाद्या वेळी लांडगा दिसेल. तो दिसला तर नशीब समजा, कारण माळाचा खरा शिकारी तोच आणि तोच कमी होत चालला आहे. त्याच्या जागी गावाबाहेरच्या मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या आल्या आहेत.

एक गोष्ट अलीकडे फार वाढली आहे. पोरं मोटारसायकलवरून कळपाच्या मागं लागतात आणि मोबाइलवर चित्रीकरण करतात. हरीण पळून गेलं, काय बिघडलं, असं त्यांना वाटतं. जास्त वेळ जिवाच्या आकांतानं धावलेल्या हरणाचे स्नायू आतून निकामी होतात आणि ते तासा-दोन तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी कुठंतरी मरून पडतं. चित्रीकरणात ते येत नाही. गाभण माद्यांचं तर विचारूच नका. आणि आमच्या शिवारात कठडा नसलेल्या विहिरी आहेत. उधळलेल्या कळपाला विहीर दिसत नाही.

वाघाचं म्हणाल, तर तो तिकीट न काढताच येऊन जातो. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून गळ्यात पट्टा असलेला एक तरुण वाघ निघाला आणि विदर्भ-मराठवाड्यातून सुमारे तीन हजार किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात विसावला. त्याच्या वाटेवर हिंगोली जिल्हा होता, जो १९९९ पर्यंत आमच्या परभणीचाच भाग. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात सापडला. टिपेश्वर ते येडशी म्हणजे मधे सगळा मराठवाडा, सगळी शेतं. नाल्या-ओढ्यांनी, उसातून, रात्रीचा तो चालत गेला असणार. कितीतरी जागलकऱ्यांच्या मचाणाजवळून गेला असेल आणि त्यांनी बॅटरी दुसरीकडे, हरणांवर धरलेली असेल.

बांधावर बसायचं असेल तर शेतमालकाला आधी विचारा. तो बहुतेक नाही म्हणणार नाही. उलट कळप कुठून उतरतो, किती वाजता उतरतो, ते तोच सांगेल, कारण त्याच्याइतकं ते रोज कोणी पाहत नाही. दिवस मावळून पूर्ण अंधार पडला की उठा. रात्री तारेत झटका सोडलेला असतो, आणि जागलीवरच्या माणसाला लांबून सावली हरणाची की पाहुण्याची, ते कळत नाही.